कॅलेंडरची तीन पानं

“तिला काय इचारताय? मला इचारा की,” सर्जेराव खोत म्हणाले आणि खुर्ची टेबलाजवळ ओढून ऐसपैस बसले.

डॉक्टर हेरवाडकरांनी माझ्याकडे पाहिलं. माझ्या हातात तेवीस प्रश्नांचा फॉर्म होता. पहिलाच प्रश्न होता, गेल्या चार आठवड्यांत तुम्हाला पतीजवळ जाण्याची इच्छा किती वेळा झाली? याचं उत्तर सर्जेराव कसं देणार होते देव जाणे, पण गडी तयारीत आला होता.

“एकदा बी न्हाई,” ते म्हणाले. “लिवा. शून्य.”

त्यांची बायको, शालन, बाजूच्या स्टुलावर पदर दोन्ही खांद्यांवरून ओढून बसली होती. वय एकतीस, पदरात दोन मुली. समोरच्या भिंतीवर डोळे तपासायचा तक्ता होता. सबंध वेळ ती त्या तक्त्याकडे बघत राहिली. तेवीस प्रश्नांत तिचा आवाज एकदाच ऐकू आला. डॉक्टरांनी विचारलं, “त्या वेळी दुखतं का?” तेव्हा सर्जेरावांनी मान वळवून तिच्याकडे बघितलं आणि ती म्हणाली, “न्हाई.”

मी लिहिलं, नाही.

हे मिरजेतलं. हॉस्पिटलचं नाव सांगत नाही, ते अजून चालू आहे. दहा-बारा वर्षं वॉर्डात नर्स म्हणून काढून मी तेव्हा नुकतीच संशोधन विभागात आले होते. ‘समन्वयक’ असं माझं पद होतं. पद भारदस्त, खुर्ची प्लास्टिकची. बायकांची मेलेली इच्छा जागी करणारी एक गोळी निघाली होती आणि ती खरंच काम करते का, हे आम्हाला तपासायचं होतं. निम्म्या बायकांना खरी गोळी, निम्म्यांना तशीच दिसणारी साधी गोळी. कुणाला कुठली हे बाईलाही ठाऊक नाही, आम्हालाही नाही. तीन महिने चालणार होतं. बारा बायका हव्या होत्या आणि चार महिने गावोगाव हिंडून मला अकरा मिळाल्या होत्या. बारावी ही शालन.

नियमाप्रमाणे संमती फक्त बाईची लागते. पण हेरवाडकर सर आमच्या भागातले मुरलेले डॉक्टर. ते म्हणायचे, “पुष्पाताई, नवऱ्याची सही घेतलेली बरी. उद्या कोणी काठ्या घेऊन आलं तर तुम्ही जाणार का पुढे?” म्हणून आम्ही एक जादा कागद केला होता, ‘घरच्या जबाबदार माणसाची सही’. सर्जेरावांनी त्यावर झोकात सही केली. ते दूध संघाचा टेम्पो चालवत. खिशाला जाड निळं बॉलपेन होतं, सही त्याच पेनानं केली.

वजन करायला मी शालनला पडद्याआड नेलं. काट्यावर उभी राहिली आणि तिथेच, पाय न हलवता, ती हलक्या आवाजात बोलली.

“मॅडम, शेवटाला कागद मिळतो का हितनं?”

“कसला कागद?”

“शिक्क्याचा. बाईला तरास हाय, तिच्यावर जोर करू नये, आसं लिवलेला.” मग जरा थांबून, “माझं म्हणणं कोण ऐकत न्हाई. कागूद ऐकत्यात. आमच्या सासूबाईंचं गुडघं दुखत्यात म्हणून डॉक्टरांनी लिवून दिलंय, तर त्यांना भांड्याला हात लावू देत न्हाईत.”

मला हसू आलं. त्या वेळी आलं. आता ते हसू आठवलं की स्वतःच्या कानशिलात मारावीशी वाटते.

“देऊ की,” मी म्हणाले. “गोळीनं बरं नाही वाटलं तर शेवटी सर तपासतील आणि देतील लिहून. पण त्यासाठी तीन महिने पुरे करायला हवेत.”

“करते,” ती म्हणाली आणि काट्यावरून उतरली. एक्केचाळीस किलो.

कंपनीनं बायकांसाठी छापील वह्या पाठवल्या होत्या. रोज काय झालं, कसं वाटलं, सगळं त्यात भरायचं. आता सांगा, कुठल्या सासूच्या घरात सून असली वही ठेवील? पहिल्या आठवड्यातच दोघींनी वह्या चुलीत घातल्याचं सांगितलं. मग युक्ती काढली ती मी. प्रत्येकीच्या स्वयंपाकघरात भिंतीवर कॅलेंडर असतंच. त्यावर गॅसची टाकी कधी लावली ते असतं, चतुर्थी असते, पाळीची फुली असते. त्यात आणखी एक खूण कोणाला दिसतेय? जवळीक झाली त्या तारखेला एक ठिपका. बाईला स्वतःला बरं वाटलं तर ठिपक्याभोवती गोल. महिना संपला की पान फाडून इकडे आणायचं, मी ते फॉर्मवर उतरवणार, झेरॉक्स कंपनीला जाणार. सर खूश झाले. “डोकं आहे हो तुम्हाला,” म्हणाले. कंपनीच्या बाईंनीही फोनवर कौतुक केलं. मी चार दिवस हवेत होते. गोळी बरोबर चालली का, ते शेवटी या गोलांवरूनच ठरणार होतं.

पहिल्या महिन्याचं पान शालन एकटीच घेऊन आली. सर्जेराव टेम्पोवर होते. पानावर चौदा ठिपके होते. गोल एकही नाही.

“गोळी रोज घेताय ना?”

“घेते.”

“मग काहीच फरक नाही?”

ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली. मग म्हणाली, “मॅडम, दुसरीच्या वक्ताला टाकं घातलंवतं. तवापास्नं दुखतंय. कापल्यावानी. त्या दिशी ह्यांच्या म्होरं बोलता आलं न्हाई.”

“किती वर्षं झाली?”

“थोरली आठाची, धाकटी सा वर्साची. सा वर्सं.”

“नवऱ्याला सांगितलं नाहीत?”

“सांगितलं की. म्हणत्यात, नाटकं करती. बायकांस्नी काय दुखतंय? मग म्हनलं दुखत न्हाई, मला नगं वाटतंय. तर म्हनले, मग तुझ्यात बिघाड हाय, चल दवाखान्यात.”

मी पेन खाली ठेवलं. सगळं सरळ होतं. हिला इच्छेची गोळी नकोच होती. हिला टेबलावर घेऊन नीट तपासायला हवं होतं, जुना टाका बघायला हवा होता. पण नियमही सरळ होता. दुखत असेल तर ती बाई संशोधनातून बाहेर. तसं लिहिलं की बाराच्या अकरा. सर चिडणार, कंपनी चिडणार, आणि चार महिन्यांची माझी वणवण पाण्यात. हे सगळं मनात आलं, आणि तोंडातून मात्र फार मायेचं बोलणं निघालं.

“शालनताई, हे मी आता लिहिलं तर तुमचं नाव कटेल. मग शेवटचा कागदही नाही.”

ती घाबरली. “नगं, नगं. नाव काटू नगा.”

“मग दोन महिने काढा. असं करा, ज्या दिवशी दुखेल त्या दिवशी ठिपक्यावर सुईनं बारीक भोक पाडा. कोणाला दिसणार नाही. मला उजेडात धरलं की कळेल. शेवटी मी सरांना ती पानं दाखवते, आणि त्यांच्याकडून तुमचा कागद घेते.”

“खात्रीनं?”

“खात्रीनं.”

ती पहिल्यांदाच हसली. वरच्या ओळीतला एक दात तुटका होता. तो कशानं तुटला हे मी विचारलं नाही.

दुसऱ्या महिन्यात ठरलेल्या तारखेला ती आली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. कंपनीचा नियम असा की, चार दिवसांपेक्षा जास्त उशीर झाला तर ते पान बाद. चौथ्या दिवशी मी फोन लावला. त्या घरात फोन एकच, तो सर्जेरावांच्या खिशात.

“तिच्या म्हायेरात मयत झाली, चुलता गेला,” ते म्हणाले. “धा दीस तिकडंच हाय. काय पायजे?”

“ते कॅलेंडरचं पान हवं होतं. त्यावर खुणा करायच्या असतात.”

“कसल्या खुणा?”

इथे मी गप्प बसायला हवं होतं. मंगळवारची रक्तातली साखर, गुरुवारचं वजन, काहीही खोटं सांगता आलं असतं. पण आमच्याकडे नवऱ्याला सामील करून घेण्याची रीतच होती. त्याला सांगितलं की बाई वेळेवर येते, गोळ्या चुकत नाहीत, हे वॉर्डात असल्यापासून मी पाहिलं होतं. जबाबदार माणूस म्हणून त्याची सहीसुद्धा होती. मी अगदी शाळेतल्या बाईसारखं समजावून सांगितलं. ठिपका म्हणजे हे. गोल म्हणजे त्यांना बरं वाटलं. गोल जितके जास्त तितका औषधाचा गुण. तुम्ही जरा आठवण करत चला त्यांना.



“आस्सं,” सर्जेराव म्हणाले. “मग आनून देतो की पान.”

आणि दुसऱ्या दिवशी खरोखर घेऊन आले. सोळा ठिपके. अकरा गोल. ठिपके बारीक, पेन्सिलीचे. गोल जाड, निळ्या बॉलपेनाचे, गरगरीत. त्यातले तीन गोल तर शालन माहेरी गेली त्या तारखांचे होते, आणि त्या तारखांना आत ठिपकाच नव्हता. नुसतेच गोल.

मी त्यांच्याकडे बघितलं. ते माझ्याकडे बघून हसले, एखाद्याची अडचण दूर केल्यावर माणूस हसतो तसे.

“गुण आला म्हणा की, मॅडम.”

“यातले तीन चुकून पडलेत,” मी म्हणाले.

“मग ते सोडा. आठ धरा.”

आणि मी आठ धरले. खरं सांगते, धरले. बाजारात भाजीवाल्याशी करतो तशी घासाघीस करून मी एका बाईचं सुख आठवर आणलं आणि फॉर्मवर उतरवलं. सरांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, “शून्यावरून आठ? वा! बघा, म्हणजे औषधात दम आहे.” पान मी फाइलमध्ये टाकलं. उजेडात धरलं नाही. धरलं असतं तर पुढचं काहीतरी करावं लागलं असतं.

तिसऱ्या महिन्याला दोघं जोडीनं आले. शालननं नवी साडी नेसली होती. सर्जेरावांनी पान टेबलावर ठेवून हातानं साफ केलं. पंधरा ठिपके, पंधरा गोल.

“काय म्हणताय शालनताई?” सरांनी विचारलं. “बरं वाटतंय आता?”

ती माझ्याकडे बघत होती. डोळ्यांच्या तक्त्याकडे नाही, सरांकडे नाही, माझ्याकडे. मी दिलेला शब्द ती माझ्याकडे मागत होती. सर्जेराव शेजारी बसलेले होते, बॉलपेन खिशाला होतं. मी म्हणाले, “सर, मी याची झेरॉक्स काढून आणते,” आणि उठले.

झेरॉक्स मशीन खिडकीशी होतं. दुपारचे बारा वाजले होते, काचेतून लख्ख ऊन येत होतं. पान मशीनवर उलटं ठेवायला वर उचललं आणि ते आपोआपच उजेडात आलं.

प्रत्येक ठिपक्यात भोक होतं. पंधराच्या पंधरा. काही ठिकाणी एक, काही ठिकाणी दोन दोन. एका तारखेला, वीस की एकवीस होती, इतकी भोकं होती की कागद चाळणीसारखा झाला होता. मी फाइलमधून मागचं पान काढलं, तेही धरलं. तिथेही तेच. वर निळा गोल आणि आतून उजेड येतोय.

मी मशीनचं झाकण लावलं, बटण दाबलं. झेरॉक्स बाहेर आली, स्वच्छ. पंधरा ठिपके, पंधरा गोल. झेरॉक्समध्ये भोकं येत नाहीत.

आणि फॉर्ममध्ये भोकांचा रकाना नव्हता. ती माझी आणि तिची खासगी खूण होती. ती सांगायची तर आधी सांगावं लागलं असतं की, दोन महिन्यांपूर्वी बाईनं दुखतंय म्हणून सांगितलं आणि मी ते दडवलं. नोकरी गेली असती. घरी नवरा अंथरुणाला खिळलेला, मुलगा बारावीला. कारणं खूप होती. माणसाला कारणांची कधी वाण पडत नाही.

मी खोलीत परतले तेव्हा सर्जेराव सरांना म्हणत होते, “सायेब, तेवढं लिवून द्या की, ही बरी झाली म्हणून. शिक्क्याचं. घरात आईला दाखवाय हुईल. हिला बी दाखवाय हुईल,” आणि स्वतःच हसले.

सर दिलदार माणूस. “द्या हो पुष्पाताई, लेटरहेडवर दोन ओळी टाइप करून. एवढे तीन महिने आले बिचारे.”

“सर,” मी म्हणाले.

“काय?”

शालन मान वर करून बघत होती. 

“काही नाही,” मी म्हणाले. “तारीख आजचीच टाकू ना?”

मी टाइप केलं. सौ. शालन सर्जेराव खोत यांना वैवाहिक संबंधांबाबत असलेली तक्रार उपचारांनी पूर्णपणे दूर झाली असून त्या आता सर्वार्थाने निरोगी आहेत. ‘सर्वार्थाने’ हा शब्द माझा. सरांनी सही केली, शिक्का मी मारला. शिक्का फिका उठला म्हणून पुन्हा मारला.

सर्जेरावांनी कागद दोन्ही हातांनी घेतला.  जाताना दारात शालनची चप्पल अडकली तेवढंच.

पाच महिने गेले. संशोधन संपलं, कंपनीचं पत्र आलं, कुणाला कुठली गोळी होती ते सांगणारी बंद पाकिटं फुटली. आणि एके दिवशी बाह्यरुग्ण विभागाच्या रांगेत शालन उभी दिसली. तिनं मला हात केला. मी तिला आत घेतलं. आणखी वाळली होती. तिनं पिशवीतून एक प्लास्टिकची पिशवी काढली, त्यातून तो कागद. कडेनं पक्कं प्लास्टिक चढवून आणलेला.

“ह्यो तुमीच टाइप केला न्हवं?”

“हो.”

“मग आनि एक टाइप करा. आधी लिवनार हुता तसला. दुखतंय म्हणून.” ती बोलत होती ते सगळं पाठ करून आल्यासारखं. “मॅडम, आधी मी आजारी हुते. न्हाई म्हनलं तर म्हणायचे, बिघाड हाय तुझ्यात. शिव्या द्यायचे, पर दोन-चार दीस सोडायचे तरी. आता कागूद दावत्यात. म्हणत्यात, डाक्टरांनी लिवलंय तू बरी हाईस, मग न्हाई का म्हणतीस? आमच्या भावाला बी दाखवला. त्यो बी म्हनला, शाले, आता नाटकं बास.”

मी तिला बसवलं आणि सरांच्या खोलीत गेले. म्हणाले, सर, खोतांची बाई आलीय, तिला एकदा तपासायला हवं. दुखतंय म्हणते.

सरांनी चष्मा काढला. “ती? आठ आणि पंधरावाली? पुष्पाताई, गंमत माहितीये का? तिला साधी गोळी होती. पिठाची! तरी बघा किती गुण आला. मी तर म्हणतो, बायकांचं अर्धं दुखणं मनातच असतं. आता पुन्हा मनात आलं असेल काहीतरी.”

“पण तपासून, कागद...”

“आपणच लिहिलेलं आपणच कसं खोडायचं? फाइल बंद झालीय. बाहेरच्या ओपीडीत केसपेपर काढायला सांगा. नवऱ्याला घेऊन यायला सांगा म्हणजे झालं.”

मी परत आले. शालन स्टुलावर ताठ बसली होती. मी म्हणाले, सर म्हणतात, फाइल बंद झाली. केसपेपर काढावा लागेल. नवऱ्याला घेऊन या.

‘नवऱ्याला’ या शब्दावर तिनं मान हलवली. रडली नाही. कागद मांडीवर ठेवून तिनं सहज, अगदी साधेपणानं विचारलं, “मॅडम, ती भोकं बघितलीच न्हाईत का तुमी? मी पाडलीवती. रोजच्या रोज. आठवणीनं.”

पानं माझ्या मागच्याच कपाटात होती. झेरॉक्स गेली की मूळ पानं आमच्याकडेच राहत. किल्ली माझ्या कमरेला होती.

“नाही हो,” मी म्हणाले. “दिसली नाहीत.”

तिचा चेहरा एकदम मोकळा झाला. मी फसवलं नव्हतं याचंच तिला बरं वाटलं असावं.

“तरीच,” ती म्हणाली. “सुईच बारीक हुती वो. माझंच चुकलं. दाभणानं पाडाय पायजे हुती.”

मग तिनं तो कागद पुन्हा प्लास्टिकच्या पिशवीत नीट घातला. सर्जेराव टेम्पो घेऊन परत यायच्या आत तो घरच्या भिंतीवर जागच्या जागी लागायला हवा होता.